नाना, सज्जा अजून राहिला आहे

नाना,

परवा तुमच्या शोकसभेत मी तुमच्याविरुद्ध उभा राहिलो, असं रेवदंड्यात बोललं जातंय. मोटारीच्या थांब्यावर तेच, पिठाच्या गिरणीवर तेच, खाडीकाठी जाळी शिवत बसलेल्यांतही तेच. ठराव असा होता: नाट्यगृहाच्या जीर्णोद्धाराचं काम पूर्ण झालं आहे, आणि ज्यांच्यामुळे ते झालं ते नाना आता आपल्यात नाहीत, तरी यापुढे नाट्यगृहाला त्यांचंच नाव द्यावं.  अशा वेळी होडी चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा, ज्याला तुम्ही हाताला धरून बी.ए.पर्यंत नेलंत, तो मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, या ठरावाला माझा विरोध आहे.

तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, कारण काय. दुसरा, साक्षीदार कोण. कारण माझ्यापाशी आहे. साक्षीदार नाही. म्हणून हे लिहायला बसलो. छापून आलं तर गावही वाचेल, पण सांगायचं आहे ते तुम्हाला.

तुमची साक्षीदारांची खोड मला टांग्यात कळली. सोमवारी सकाळी तुम्ही अलिबागच्या कोर्टात निघायचात आणि तिथल्या हायस्कुलात शिकणारा मी, गाठोडं मांडीवर घेऊन, टांगेवाल्याच्या शेजारी बसायचो. चौल मागे पडेपर्यंत तुम्ही कागद वाचत असायचात. मग एखादा खटला सांगायचात, वाडीच्या बांधाचा नाहीतर विहिरीच्या पाण्याचा, आणि विचारायचात, "बोला छोटे तांडेल, यात खोटं कोण बोलतंय?" मी एकाचं नाव घेतलं की, कशावरून. मी कारण दिलं की, हे तू पाहिलंस की तुला तसं वाटलं. नागाव येईपर्यंत माझ्यापाशी बोलायला काही उरलेलं नसायचं, आणि टांगेवाला मिशीत हसत असायचा. पुढे कॉलेजात प्राध्यापक जे शिकवत होते त्यातलं निम्मं आपण त्या रस्त्यावर शिकून आलोय, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही केलेली नव्हती. बाबा अंगठा उठवायचे. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा तुम्ही खाडीवर आमच्या घरी आलात. बाबा घोंगडी झटकत होते तोवर तुम्ही अंगणात उपड्या घातलेल्या होडीवर बसूनही घेतलंत आणि आईला विचारलंत, जेवायला काय आहे. तुमच्या घरातल्या माणसाने आमच्या चुलीवरचं खावं अशी पद्धत नव्हती, तेव्हा तर नव्हतीच. आई गोंधळून माझ्याकडे पाहायला लागली. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण होतं. तुम्ही पोटभर जेवलात आणि आईला बजावलंत, हे कालवण किती चांगलं झालंय ते आमच्या घरी कळू देऊ नका. मग घरी जाऊन तुम्हीच ते काकूंना सांगितलंत. हे मला काकूंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांनी तोंड वाकडं केलं होतं.

त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आमच्याकडे आभार मानायची भाषा नाही. आम्ही मासळी पाठवतो. ती पाठवली होती.

पुढे मला मुंबईत नोकरी लागली. काही विद्वान मंडळी मिळून मराठीतून गावांचा आणि संस्थांचा एक कोश तयार करत होती, तिथे मी मदतनीस झालो. कुलाबा जिल्ह्याच्या नोंदींसाठी माहितगार माणूस हवा होता, तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही आधी थट्टाच केलीत. म्हणालात, कोश म्हणजे न पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांना सांगितलेली गोष्ट. पण काम घेतलंत, आणि घेतल्यावर तुमच्या पद्धतीने केलंत. ज्या वाक्याला जिवंत साक्षीदार नाही ते वाक्य लिहायचं नाही. मी सुट्टीत आलो की आपण थळला, किहीमला, चौलच्या वाड्यांमधून हिंडायचो. लोकांना वाटायचं वकील कज्जा घेऊन आलेत. किहीमला एका घराने तर तुम्हाला पाहून दार लावून घेतलं होतं, आणि मला बाहेरून ओरडून सांगावं लागलं की आम्ही फक्त देवळाचं वय विचारायला आलोय.

रेवदंड्याच्या नोंदींत तुम्ही आपलं नाट्यगृह घातलंत, आणि तिथून सगळं सुरू झालं.

बाहेरगावचा कुणी हे वाचत असेल तर त्याला सांगायला हवं की आमच्याकडे नाटकं पावसाळ्यात होतात. आषाढात होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात आणि शिडं गुंडाळून पडलेली असतात. आमच्या पणजोबांच्या वेळी गावातल्या हौशी मंडळींनी बांबू रोवून त्यांवर ती शिडं ताणली आणि खाली नाटक केलं. सालीच्या काढ्यात बुडवून काळपट केलेलं जाडं कापड ते. थोडं गळायचं, पण पावसाचा आवाज आत येऊ द्यायचं नाही. नारळी पौर्णिमा झाली की शिडं उतरून दर्यावर जायची आणि नाटकं बंद व्हायची. पुढे भिंती झाल्या, झावळ्यांचं छप्पर झालं, पण गावाच्या तोंडी राहिलं ते शिडाचं थेटर.

पहिलं शीड कुणाचं, हे तुम्ही विचारायला गेलात. कोळीवाड्यात ज्या घरात जावं त्या घरात ते त्यांच्या आज्याचंच निघालं. थळचा एक म्हातारा, ज्याची रेवदंड्यात फक्त सासुरवाडी, तोही म्हणाला की शीड आमचं, सासऱ्याने मागून नेलं आणि परत दिलं नाही. तुम्ही सगळं उतरवून घेतलंत आणि नोंदीत लिहिलंत, 'पहिले छप्पर होड्यांच्या शिडांचे होते. ती कोणाची होती याबद्दल एकमत नाही.' मी ते घरी वाचून दाखवलं आणि बाबा चिडले.

"आमच्या आज्याचा शीड व्हता. सगल्यांना म्हाईत हाय. वकिलांना सांग, एकमत न्हाय तर हितं येऊन इचारा म्हनावा."

तुम्ही खरोखर आलात, विचारलंत, चहा घेतलात आणि नोंद तशीच ठेवलीत. बाबा पुढे बरेच दिवस तुम्हाला रस्त्यात पाहिलं की जाळ्याच्या गाठी मोजायला लागायचे.

जीर्णोद्धार तेव्हा चालू होता. वाश्यांना वाळवी लागलेली, झावळ्या दर वर्षी उडायच्या. तुम्ही कमिटीचे चिटणीस. पहिल्यांदा कमिटीने पत्रे घातले. मुंबईच्या गोदामांवर असतात तसे, कोरे करकरीत. घातले उन्हाळ्यात, त्यामुळे कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. श्रावणात पहिला प्रयोग लागला, पहिल्याच अंकात सर आली, आणि राजाच्या तोंडचं एक अक्षर ऐकू येईना. राजा ओरडून बोलायला लागला. राणी, म्हणजे आपला सोनाराचा बंडू, त्याच्याहून वरच्या पट्टीत. पुढच्या रांगेतली माणसं वळून मागच्यांना सांगत होती, आता ती नको म्हणाली, आता तो रागावला. तुम्ही विंगेत भिंतीला टेकून हसत होता. दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे म्हणालात, जे गाव पावसात नाटक करतं त्यानेच पत्रे घालावेत, ही चूक करायला दुसऱ्या गावाला जमलं नसतं, आणि मी त्यावर सही केली आहे. मग पत्रे उतरले. कौलं घालायची ठरली, आणि कौलांखाली साग हवा होता.

साग दामोदरशेटनी दिला. ते मूळचे इथलेच, वडील लहानपणीच गेले, आईने वाड्यांमधून राबून वाढवलं; आता मुंबईला लाकडाची वखार. लाकडाने भरलेलं गलबत खाडीत शिरलं तेव्हा सगळं गाव बघायला आलं होतं. शेटजींची अट एकच, नाट्यगृहाला त्यांच्या आईचं नाव द्यायचं. भागीरथीबाई नाट्यगृह. गावातल्या बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. मला तर मुळीच नाही. मी तुम्हाला मुंबईहून लिहिलं की कोशात नोंद 'शिडाचे थेटर' या नावाखालीच जायला हवी. तुमचं उत्तर आलं, नोंद भागीरथीबाईंच्या नावाने जाईल. जुनं नाव आणि ते का पडलं ते आत येईल.

आपलं सगळ्यात मोठं भांडण यावरून झालं. गणपतीला मी घरी आलो होतो आणि तुमच्या ओटीवर आपण समोरासमोर बसलो होतो. मी भाषण तयार करूनच आलो होतो. म्हटलं, साग देणाऱ्याचं नाव मथळ्यावर आणि शिडं देणाऱ्यांच्या वाट्याला 'एकमत नाही'. म्हटलं, उद्या हे पुस्तक आमच्या नातवंडांच्या हातात पडेल आणि त्यांना वाटेल की या घरात आमचं काही नव्हतंच. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. अशिलाचं ऐकता तसं, मध्ये न बोलता. मग विचारलंत, "रामा, त्या थेटरात बायका कुठे बसतात?"

मी म्हटलं, बसत नाहीत. दक्षिणेच्या खिडक्यांशी, बाहेर पडवीत उभ्या राहतात. पाऊस तिरका आला की इरली डोक्यावर घेतात.

"आत कुठेच नाही?"

"नाही."

"मग पाटीवर बाईचं नाव लागू दे. एकदा लागलं की दामोदरला आणि कमिटीला ते येता-जाता वाचावं लागेल. आईच्या नावाचं घर, आणि त्यात बाईला टेकायला जागा नाही. किती दिवस रेटतील?"

मी म्हटलं, नाना, ही वकिली झाली. तुम्ही म्हणालात, "मग मला दुसरं काय येतं?"

मी हसलो, पण पटलं नाही. तुम्हालाही ते कळलं होतं. नंतर कितीतरी वेळा तो विषय निघाला आणि आपण तो अर्ध्यावर सोडला. आपल्या भांडणांची रीतच ती होती. कुणी हरत नसे, जेवणाची वेळ होत असे.

बायकांना बसायच्या सज्ज्याचा आराखडा तुम्ही स्वतः काढला होता. मागच्या भिंतीला लागून, वर, बाहेरून स्वतंत्र जिना. म्हणजे पुरुषांच्या गर्दीतून जावं लागणार नाही आणि रंगमंच सरळ समोर दिसेल. मला दाखवत होता तेव्हा काकू सुपारी घेऊन बाहेर आल्या. तुम्ही तरुणपणी त्याच रंगमंचावर स्त्रीपार्ट करायचात, हे जुन्या लोकांना अजून आठवतं. चालताना पदर सावरायची तुमची तऱ्हा म्हणे बायकांनी उचलली होती. मी काकूंना सहज विचारलं की तुम्हाला नानांचं कुठलं काम आवडायचं. काकूंनी तबक खाली ठेवलं.

"माझं अंजिरी लुगडं प्रत्येक प्रयोगाला जाऊन आलं. मी नाही गेले. वकिलाच्या बायकोने खिडकीशी उभं राहायचं नसतं."

त्या हसत म्हणाल्या. तुम्ही हसला नाहीत. पेन्सिल घेऊन जिन्याची एक रेघ पुन्हा गडद केलीत.

कौलं चढायची आणि कोशाचा आमचा भाग छपाईला जायची वेळ एकाच सुमारास आली. संपादकांनी तुमची नोंद वाचली आणि मला बोलावून सांगितलं की शेवटचं वाक्य बदला, 'जीर्णोद्धार पूर्ण झाला' असं करा. त्यांचं म्हणणं गैर नव्हतं. छापून हातात पडेपर्यंत राहिलेलं काम होऊन जाईल, आणि कोशात चालू काम लिहीत नाहीत. लिहिलं की ते लगेच शिळं होतं. मी तुम्हाला तसं कळवलं. तुमचं उत्तर आलंच नाही. तुम्हीच आलात, रेवसहून बोटीने, कोर्टाचा काळा कोट घालून, आणि संपादकांच्या समोरच्या खुर्चीवर बसलात. मला वाटलं आता माझी नोकरी जाते.

तुम्ही फार अदबीने विचारलंत की काम पूर्ण झाल्याचं त्यांना कुणी सांगितलं. ते म्हणाले, छप्पर तर झालं ना. तुम्ही म्हणालात, छप्पर झालं, थेटर नाही झालं. अर्धं गाव अजून बाहेर उभं आहे. संपादकांनी चष्मा काढला.

"वकीलसाहेब, हे पुस्तक आमच्यामागे वाचलं जाईल. तोपर्यंत तुमचं काम चालूच राहणार का?"

"तोपर्यंत राहिलं तर लाज वाटावी, म्हणूनच छापा."

संपादक मोठ्याने हसले आणि वाक्य तसंच ठेवलं. 'जीर्णोद्धाराचे काम चालू आहे. स्त्रियांसाठी सज्जा व्हावयाचा आहे.' बोटीवर सोडायला आलो तेव्हा तुम्ही धक्क्यावरच्या दुकानातून काकूंसाठी पेढे घेतलेत आणि मला म्हणालात, तुझा संपादक सज्जन माणूस आहे, आमच्या कमिटीवर असता तर बरं झालं असतं. इतका शिकलेला, इतक्या लोकांना धाकात ठेवणारा माणूस एका वाक्यासाठी दिवसभराचा प्रवास करून आला होता आणि लगेच परत चालला होता. बोट वळेपर्यंत मी धक्क्यावर उभा होतो. माझ्या शिक्षणाचं काय करायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते मला पाहायला मिळालं.

पुस्तक आलं. गावाने ते डोक्यावर घेतलं, देवळात नेऊन ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. आपल्या थेटराचं नाव छापून आलं याचाच आनंद. शेवटचं वाक्य ज्याने वाचलं त्याने थट्टा केली. "नाना, मुंबईत काम चालू आहे आणि इथं बंद आहे." तुम्ही म्हणायचात, दोन्हीकडे एकच करून टाका की. पण ते होत नव्हतं. एका वर्षी वादळाने कौलं उडाली. एका वर्षी सज्ज्यासाठी राखलेलं लाकूड रंगमंचाच्या फळ्यांना गेलं. मग कुणी म्हणालं, बायका आल्या की पोरं येतील आणि पोरं रडतील. अलिबागेत बोलपटाचा तंबू लागला, तेव्हा तुम्ही सभेत उठून म्हणालात की त्या तंबूत बायका आत बाकांवर बसतात आणि आमच्या भागीरथीबाईंच्या घरात पावसात. दर वर्षी वार्षिक सभेत तुम्ही तो विषय काढलात, त्याच आवाजात, न चिडता. मी असतो तर कधीच राजीनामा फेकला असता. तुमच्या कौतुकाचं मला काही लिहायचं असेल तर ते हेच आहे, की तुम्ही दर वर्षी पहिल्यांदाच विचारतोय असं विचारायचात.

शेवटची भेट तुमच्या आजारपणात झाली. तुम्ही उशीला टेकून बसला होता. कोशाची नवी आवृत्ती निघायची आहे, जुन्या नोंदी सुधारून मागवल्यात, हे मी सांगितलं. मग राहवलं नाही म्हणून म्हटलं, नाना, आता तरी शिडांचं नाव वर घेऊ या. तुमचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते.

"आधी सज्जा. मग नाव तुला हवं ते लाव, मी भांडणार नाही. सज्ज्याच्या आधी मात्र पाटीला कुणाला हात लावू देऊ नकोस."

मी हो म्हणालो. खोलीत आपण दोघंच होतो. काकू मागीलदारी होत्या. साक्षीदार मी एकटाच, आणि मी या खटल्यात पक्षकारही आहे. असल्या साक्षीचं तुम्ही कोर्टात काय केलं असतं ते मला माहीत आहे.

थेटरात भरलेल्या शोकसभेला दामोदरशेट मुंबईहून मुद्दाम आले होते. ठराव त्यांचाच. हे मला सगळ्यात जड गेलं. त्यांनी उभं राहून सांगितलं की नाना नसते तर माझा साग खाडीत कुजला असता. माझ्या आईचं नाव काढा आणि नानांचं लावा, तिला आनंदच होईल. मोठ्या मनाने बोलले. स्वतःच्या आईचं नाव काढायला निघालेल्या माणसाला मी विरोध करत होतो, आणि तोही तुमच्या नावाला.

मी म्हटलं, ठरावात काम पूर्ण झालं असं लिहिलंय, ते झालेलं नाही. तुमची पाटी लागली की ते झालं असंच सगळे धरून चालतील आणि सज्ज्याचं नाव पुन्हा कुणी काढणार नाही. तुम्ही मला काय सांगितलं होतं तेही मी सांगितलं. तेव्हा सोनाराचा बंडू, आता तोही टक्कल पडलेला गृहस्थ झालाय, बसल्या जागेवरून म्हणाला, "साक्षीदार कोण, बी.ए.?"

लोक हसले. शोकसभेत हसले, नाना. तुम्हाला ते आवडलं असतं.  मी फक्त दक्षिणेच्या खिडक्यांकडे हात केला.

खिडक्यांत बायका उभ्या होत्या. तुम्ही जिच्या बांधाचा खटला फुकट लढलात ती होती, आमची आई होती, कोळणी टोपल्या खाली ठेवून आल्या होत्या. तुमच्यासाठी आल्या होत्या आणि पडवीत उभ्या राहून, गजांना धरून ऐकत होत्या. सगळ्या सभेने वळून पाहिलं तशा त्या चपापल्या. दोघी-तिघी मागे सरकल्या. दामोदरशेट अजून उभेच होते. तेही तिकडेच पाहत होते. मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "कोपऱ्यातल्या खिडकीशी माझी आई उभी असायची." आणि खाली बसले. अध्यक्षांनी ठराव पुढे ढकलला. दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून सगळे निघाले. जाताना माझ्याशी कुणी बोललं नाही. शेटजींनी निघण्याआधी सुताराला भेटायला बोलावलं होतं असं कानावर आलं. काय बोलणं झालं ते कळलेलं नाही.

बाबा माझ्या पुढे चालत होते. बाजारपेठ ओलांडल्यावर मागे न बघता म्हणाले, "ज्याच्यामुलं तू मानूस झालास, त्याचा नाव लावू न्हाय दिलास." मी सांगायला लागलो तर म्हणाले, "तुजा इंग्रजी मला कलत न्हाय." मी मराठीतच बोलत होतो. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नव्हते.

आज दुपारी मी काकूंकडे गेलो. जायचं धाडस होत नव्हतं. गावाचं काय, ते आज बोलेल, उद्या विसरेल. पण काकूंना वाटलं असेल की नवऱ्याचं नाव लागत होतं आणि ज्याला घरचा म्हणून वाढवला त्यानेच मोडता घातला, तर त्यांच्यापुढे मी काय सांगणार होतो? त्या आतल्या खोलीत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ मोकळं पाहून मला खाली बघावं लागलं. म्हणाल्या, बस. सभेचं सगळं त्यांना बायकांकडून आधीच कळलेलं होतं. मी तरी पहिल्यापासून सांगितलं, तुम्ही मला काय बजावलं होतं तेही.  माझं बोलून झालं. मग म्हणाल्या, "मला आता वर्षभर उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, रामा."

मी मान हलवली.

"वर्षात होईल का रे तो सज्जा?"

होईल म्हणालो, नाना. शेटजींना विचारलेलं नाही, कमिटीला विचारलेलं नाही, लाकूड कुठून येणार ते ठाऊक नाही. तरी होईल म्हणालो, आणि त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.

घरी आलो तेव्हा बाबा अंगणात होडीला तेल लावत होते. त्यांच्या पाठीकडे बघत मी काकूंचा प्रश्न आणि माझं उत्तर दोन्ही सांगून टाकलं, आणि उद्या सकाळी थेटराच्या मागच्या भिंतीचं माप घ्यायला जाणार आहे हेही. बाबांचा हात चालूच होता. होडीची ती बाजू पुरी झाली, चिंधी धुऊन दांडीवर टाकून झाली, मग ते बोलले.

"मापाला लांब दोरी लागंल. माजी घेऊन जाऊ."